सच्चिदानंद

अद्वैत वेदान्तात ब्रह्माच्या स्वरूपाचा निर्देश करणारे पद. सत् (असणे), चित् (जाणीव) आणि आनंद या तीन शब्दांचा हा समास आहे. पण ब्रह्माला तीन गुण आहेत किंवा ते तीन अंशांचे बनले आहे, असे त्यातून सांगायचे नसते. जी वस्तू निर्गुण आणि अखंड मानली, तिच्यासाठी तीन शब्द लागावेत कशाला, हाच या संकल्पनेतला खरा प्रश्न आहे.

प्रमुख दहा उपनिषदांत हा समास आढळत नाही. आढळतात ते त्याचे घटक. छांदोग्योपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘सदेव सोम्येदमग्र आसीत्’ (६.२.१) म्हणजे आरंभी हे सारे केवळ ‘सत्’च होते, असे सांगतो. बृहदारण्यकात ‘विज्ञानमानन्दं ब्रह्म’ (३.९.२८) असे वचन येते. तैत्तिरीयातील प्रसिद्ध वाक्य मात्र ‘सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म’ (२.१) असे आहे; तेथे तिसरे पद आनंद नसून अनंत आहे. या दोहोंना जोडणारा विचार छांदोग्याच्या सातव्या अध्यायात सापडतो. सनत्कुमार नारदाला म्हणतो, जे भूमा म्हणजे अमर्याद आहे तेच सुख, अल्पात सुख नाही. पूर्ण समास नृसिंहोत्तरतापनीय, तेजोबिंदू अशा उत्तरकालीन उपनिषदांत व पुढे वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत (एखाद्या विषयाची ओळख करून देणाऱ्या छोट्या ग्रंथांत) रूढ झाला. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’चे मंगलाचरणच ‘अखण्डं सच्चिदानन्दम्’ या शब्दांनी सुरू होते.

सत् म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांत ज्याचा बाध होत नाही, म्हणजे जे कधी खोटे ठरत नाही ते. ‘घट आहे’, ‘पट (वस्त्र) आहे’ या वाक्यांत घट-पट बदलतात, ‘आहे’ बदलत नाही. न्याय व वैशेषिक या दर्शनांच्या मते सत्ता (असणेपण) ही पदार्थांवर राहणारी जाती, म्हणजे अनेकांत समान असणारा धर्म होय. अद्वैताने हे नाते उलटे केले: सत्ता पदार्थांवर राहत नाही, पदार्थच सत्तेवर भासतात. ‘दृग्दृश्यविवेका’तील एका श्लोकात प्रत्येक अनुभवाचे अस्ति, भाति, प्रिय, रूप आणि नाम असे पाच अंश केले आहेत. पहिले तीन ब्रह्माचे, उरलेले दोन जगाचे.

चित् म्हणजे विचार किंवा बुद्धीची क्रिया नव्हे. अंतःकरणाच्या वृत्ती येतात-जातात. त्यांचे येणे-जाणे ज्याला कळते ते चैतन्य. त्याला प्रकाशित करायला दुसरे ज्ञान लागत नाही, म्हणून ते स्वयंप्रकाश. चित्सुखाचार्यांनी याची काटेकोर व्याख्या केली: जे ज्ञानाचा विषय होत नाही, तरीही ज्याच्याविषयी ‘प्रत्यक्ष आहे’ असा व्यवहार (बोलणे-वागणे) होऊ शकतो, ते.

सर्वांत अवघड पद आनंद. त्याचा अर्थ सुखद भावना असा घेतला, तर ब्रह्म भोक्ता ठरते, सुख भोग्य ठरते आणि अद्वैत तेथेच मोडते. म्हणून आनंद हा अनुभवाचा विषय नसून आत्म्याचे स्वरूप आहे, असे आचार्य सांगतात. त्यासाठी मुख्यतः दोन युक्तिवाद केले जातात. पहिला गाढ झोपेचा: जागे झाल्यावर माणूस ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे म्हणतो, ही स्मृती असेल तर झोपेत सुखाचा अनुभव असलाच पाहिजे. यावर नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) म्हणतात, तो केवळ दुःखाचा अभाव होता. हा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही. दुसरा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, की पती, पत्नी, धन ही सारी आत्म्यासाठीच प्रिय होतात. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त याला धार आली आहे: ‘मी नाहीसा होऊ नये, मी असावेच’ हे प्रेम प्रत्येकाला स्वतःविषयी असते. परमप्रेमाचा विषय सुखरूपच असणार, म्हणून आत्मा आनंदरूप. या ग्रंथाच्या १५ प्रकरणांपैकी शेवटची ५ आनंदालाच वाहिलेली आहेत.

याचा साधनेशीही संबंध आहे. शंकराचार्यांच्या मते तैत्तिरीयातील ‘आनंदमय’ हा एक कोशच (आत्म्यावरचे आवरणच) आहे, ब्रह्म नव्हे. रामानुजाचार्य नेमके उलट म्हणतात, की आनंदमय म्हणजेच ब्रह्म. समाधीत लाभणाऱ्या सुखात रमू नये, असे गौडपादांच्या कारिकेत बजावले आहे आणि ‘वेदान्तसारा’त तर रसास्वाद हे समाधीचे एक विघ्नच मानले आहे. ध्यानात वाटणाऱ्या सुखालाच सच्चिदानंद म्हणणे या परंपरेला मान्य होणार नाही.

मग तीन शब्द कशाला? शंकराचार्यांच्या तैत्तिरीयभाष्यानुसार अशी पदे एकमेकांना मर्यादा घालत ब्रह्माला इतर सर्वांपासून वेगळे काढतात: एक पद विकारी वस्तूंना वगळते, दुसरे जडाला, तिसरे सीमिताला. वस्तू मात्र एकच राहते. मराठीत या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार ज्ञानेश्वरांनी केला. ‘अमृतानुभवा’चे पाचवे प्रकरण या तीन पदांच्या विवरणासाठीच आहे. ‘सत्ता प्रकाश सुख । या तिहीं तीं उणे लेख’ अशी सुरुवात करून ते म्हणतात, की विषाला स्वतःचे विषपण नसते, तसे ब्रह्माला सच्चिदानंदपण नसते. असत्, जड आणि दुःख यांची व्यावृत्ती करणे, म्हणजे त्यांना वगळणे, एवढेच या शब्दांचे काम; ते ब्रह्माचा थेट अर्थ सांगणारे (वाचक) शब्द नव्हेत. फळ देऊन फूल सुकते, रस देऊन फळ संपते, तृप्ती देऊन रसही उरत नाही, तशी ही पदे आपले काम करून मावळतात. ज्ञानेश्वरीचा लेखनिक सच्चिदानंदबाबा होता, हा योगायोग येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

अद्वैताबाहेर हेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरले गेले. रामानुज व मध्व यांच्या मते ज्ञान आणि आनंद हे ईश्वराचे खरेखुरे गुण होत. काश्मीर शैवमतात चित् आणि आनंद या शिवाच्या पाच शक्तींपैकी पहिल्या दोन, आणि त्यांच्यापुढे इच्छा, ज्ञान व क्रिया येतात. वल्लभाचार्यांच्या शुद्धाद्वैतात तीन पदांची चक्क उतरंड होते: जडात केवळ सत् प्रकट असते, जीवात सत् आणि चित् प्रकट असून आनंद झाकलेला असतो, आणि तिन्ही पूर्णपणे प्रकट असतात ती केवळ श्रीकृष्णरूप परब्रह्मात.