जुनं कव्हर फेकू नका, पोत्यात भरून आणा

जुन्या ॲम्बेसेडर, फियाट आणि जीपची मागची सीट व आतले पॅनेल करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लगनसराई जवळ आली की आजोबांची ॲम्बेसेडर नाहीतर वडिलांची फियाट कोठ्यातून बाहेर निघते. नवरदेव त्याच गाडीतून मांडवात जाणार असतो. गाडी आमच्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा एक गोष्ट आधीच होऊन गेलेली असते. घरच्या पोरांनी मागची सीट काढलेली असते, फाटकं रेग्झिन ओरबाडून टाकलेलं असतं आणि धुऊनपुसून नुसता सांगाडा आणलेला असतो. वर म्हणतात, "भाऊ, तुमचं अर्धं काम करून आणलं."

त्यांचा भाव चांगलाच असतो. पण त्यानं आमचं काम अर्धं होत नाही, दुप्पट होतं. म्हणून हे माहितीपत्रक छापलं आहे.

जुनं कव्हर कितीही फाटकं, कुजकं असो, आमच्यासाठी तोच फर्मा, म्हणजे नवीन कव्हर कापायचा नमुना असतो. आम्ही ते ओढून काढत नाही, ब्लेडनं एकेक टाका उसवतो. प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर घालतो आणि पुढची बाजू कळावी म्हणून बाण काढतो. कडक झालेला तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो, मग तो फळीवर सपाट पसरतो. माणसं बसून बसून मधला भाग ताणलेला असतो, त्याच्या कडेवर विसंबता येत नाही. पण जुन्या शिलाईची भोकं दिसतात, तीच खरी रेघ. त्या भोकांवरून नवीन रेग्झिनवर आखतो, शिलाईत दुमडायला बाहेर थोडी जास्तीची पट्टी, म्हणजे माया सोडतो आणि मगच कातर लावतो. पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, कुठून कुठे वळली होती, पाठीवरच्या उभ्या पट्ट्या किती रुंद होत्या, कोपऱ्यात चुणी कुठे घेतली होती, सगळं त्या फाटक्या कव्हरात लिहिलेलं असतं. सांगाड्यात यातलं काहीच नसतं.

बाजारातून नवीन आणावं तर तेही सोपं नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडर बनणं २०१४ साली थांबलं. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, त्याच्याही तेरा-चौदा वर्षं आधीच बंद झाली. बाहेरून दोन ॲम्बेसेडर सारख्या दिसल्या तरी आतलं पॅनेल एकसारखं असेलच असं नाही.

वरुडकडच्या एका संत्रा बागायतदारांनी अशीच सीट आणली होती. जुनं कव्हर कुठे आहे विचारलं तर कळलं, शिमग्याच्या होळीत गेलं. मग अमरावतीला तशीच गाडी असलेले एक गृहस्थ शोधले, त्यांच्या पाया पडून त्यांच्या सीटवरून कागदाचा फर्मा काढला. त्यात नऊ दिवस गेले. लग्न होतं पंधराव्या दिवशी. शेवटच्या दोन रात्री आम्ही दोघं भाऊ मशीनवरून उठलो नाही. सीट वेळेवर दिली, चांगली झाली, पण त्या नऊ दिवसांची मजुरी ग्राहकाला लागली ती लागलीच.

पॅनेलचंही तेच. दाराच्या आतला हार्डबोर्ड खालून फुगून पापुद्रे सुटलेला असतो, म्हणून लोक तो मोडून फेकतात. त्या फुगक्या तुकड्यावरच क्लिपांची, काचेच्या हँडलची आणि आर्मरेस्टची भोकं असतात. भोक पाच मिलिमीटरनं सरकलं तरी क्लिप बसत नाही आणि पॅनेल खडखडत राहतं. तुकडे झाले असतील तर सगळे तुकडे आणा, आम्ही जुळवून घेतो. हँडलची पिन, स्क्रू, वाशर एका डबीत घाला. पिन एवढीशी असते, पण तिच्यावाचून हँडल हातात येतं.

बोर्ड का फुगतो, तेही सांगतो. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत उतरतंच, गाडीची रचनाच तशी आहे. ते दाराच्या खालच्या भोकांतून निघून जायला हवं. आपल्याकडे त्या भोकांत काळी माती आणि कापसाची धूळ घट्ट बसते. पाणी तुंबतं, आतला प्लॅस्टिकचा कागद फाटलेला असला की बोर्ड ते पितो. म्हणून पॅनेल बसवण्याआधी आम्ही भोकं मोकळी करतो आणि नवा कागद चिकटवतो. या कामाचे वेगळे पैसे घेत नाही.

दुसरा नेहमीचा आग्रह असतो, "घरचा कापूस आहे, तोच भरा." कापूस वाईट नाही. पण गादी दोन-चार वर्षांनी उसवून पिंजता येते, उन्हात टाकता येते. सीटचं तसं नाही. कापूस दमट होतो, त्याचे गोळे होतात आणि बाजूला कुटार साठवलेलं असेल तर उंदीर त्यातच घर करतात. स्प्रिंगा काढून नुसता फोम भरा म्हणणारेही असतात. तसं केलं तर मूळची उंची आणि लवचीकपणा दोन्ही जातात. आम्ही स्प्रिंगा दुरुस्त करतो, त्यावर गोणपाट, मग काथ्याचा थर आणि वर ४० डेन्सिटीचा फोम देतो. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. स्प्रिंगेवर सरळ फोम ठेवला तर तार त्याला कापून काढते.

एका दिवसात सीट कव्हर चढवून देणारी दुकानं आहेत, आमचे बारा दिवस का, असं विचारतात. ते जुन्यावर नवं चढवतात. आम्ही सांगाड्यापर्यंत उघडतो, गंज घासतो, पुन्हा गंजू नये म्हणून लाल ऑक्साइडचा रंग मारतो आणि मग पुन्हा बांधतो. दोन्ही कामं वेगळी आहेत, दरही वेगळे. गाडी रोजच्या भाड्याची असेल तर चढवायचं कव्हर पुरतं, तसं आम्ही स्वतःच सांगतो.

काम झाल्यावर रेग्झिनला रॉकेल किंवा डिझेल लावू नका. चमक येते, पण रेग्झिन लवकर तडकतं. ओल्या फडक्यानं पुसा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गाडी झाडाखाली नाहीतर शेडमध्ये उभी करा आणि मागच्या काचेला आतून जुनं लुगडं बांधा.

गाडी चालत असेल तर काही न काढता तशीच घेऊन या. चालत नसेल तर सीट, पॅनेल, फाटकं कव्हर आणि डबी आणा. पाहून अंदाज सांगण्याचे पैसे लागत नाहीत. लग्नाची तारीख ठरली की आधी आम्हाला कळवा, निदान महिनाभर हातात ठेवून. मंगळवारी आठवडी बाजार असतो, गर्दीत नीट माप घेता येत नाही, त्यामुळे मोठ्या कामासाठी दुसरा दिवस धरा.