हापूस खाल्ल्याने गांजाची नशा वाढते?

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरी-देवगडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: ‘गांजाआधी हापूस खा, मायर्सीनमुळे नशा दुप्पट होते; इंडिका जातीच्या गांजात तेच असतं, म्हणून झोप येते.’

मायर्सीन हे टर्पीन, म्हणजे सुगंधी द्रव्य, आणि ते आंब्यात असतं हे खरं. पण गरात सुमारे 80 टक्के पाणी, उरलेल्यात बहुतेक साखर. सुगंधी द्रव्यं लेशमात्र. त्यातही हापूसच्या वासात ओसिमीन हे दुसरंच टर्पीन वरचढ. गवती चहाच्या तेलातही मायर्सीन असतं, आणि तो चहा आपण सकाळी उठल्यावर पितो, पेंगत नाही. पडताळा परसातच आहे.

राहिली इंडिका. झाड बुटकं, पानं रुंद, एवढ्यावरून परिणाम कळत नाही. तो मुख्यतः टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचं प्रमाण, मात्रा आणि घेणाऱ्याचं शरीर यांवर ठरतो. जिथे विक्री कायदेशीर आहे, तिथल्या दोन ‘इंडिका’ पाकिटांवरचे तपासणीचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ते सारखे असतीलच असं नाही.

आणि मेसेज जे सांगत नाही ते तरुण पोरांना कळायलाच हवं: आपल्याकडे 1985 च्या कायद्याने गांजा जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.