सीटीसी मोजतात, सीटीडीएनए वाचतात

घोडबंदर रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ पत्नीच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेऊन मध्यंतरी माझ्याकडे आले होते. "सीटीसी ७ आल्या आहेत, तर या म्यूटेशनवर कोणती गोळी असते?" असा त्यांचा प्रश्न होता. रिपोर्टात फक्त सीटीसींची, म्हणजे रक्तात सापडलेल्या कर्कपेशींची, संख्या होती; म्यूटेशनचा, म्हणजे जनुकातील बदलाचा, उल्लेखही नव्हता. सीटीसी आणि सीटीडीएनए या दोन्ही चाचण्यांना सरसकट 'लिक्विड बायोप्सी' (रक्तातून कर्करोगाची तपासणी) म्हणण्याची सवय मला मुळीच पसंत नाही, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो.  

सीटीसी म्हणजे गाठीपासून सुटून रक्तात आलेली अख्खी पेशी. त्या मोजण्याच्या सेलसर्च पद्धतीत साडेसात मिलिलिटर रक्त घेतात. त्यात सुमारे पावणेचार हजार कोटी लाल पेशी असतात आणि त्यांतून बहुधा बोटांवर मोजता येतील इतक्याच पेशी शोधायच्या असतात. या पेशींच्या पृष्ठभागावरचे एपकॅम हे प्रथिन ओळखणारे चुंबकीय कण त्यांना चिकटवून त्या बाजूला ओढतात. मग जिच्यात केंद्रक व केराटिन हे प्रथिन दिसते, पण पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण दिसत नाही, तीच पेशी मोजतात.

हाती येतो तो आकडा, आणि लोक अडखळतात ते इथेच. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या १७७ स्त्रियांच्या २००४च्या अभ्यासात, नवे उपचार सुरू होण्यापूर्वी ५ किंवा अधिक पेशी आढळलेल्यांचे आयुर्मान कमी दिसले. तेव्हा आकडा उतरत नसेल तर औषध लगेच बदलावे, हा विचार साहजिकच होता. तोही अमेरिकेत तपासला गेला: पहिल्या केमोच्या २१ दिवसांनंतरही आकडा चढाच राहिलेल्या काही स्त्रियांची केमो बदलली, काहींची तीच ठेवली, २०१४मध्ये निकाल आला तेव्हा आयुर्मानात फरक आढळला नाही. म्हणजे आजार किती जोरात आहे हे आकडा सांगतो, परंतु कोणते औषध लागू पडेल हे सांगत नाही.

ते काम सीटीडीएनएचे. मेलेल्या कर्कपेशींतून रक्तात आलेले डीएनएचे हे बारीक तुकडे असून त्यांतली अक्षरे वाचली जातात. स्तनाचा कर्करोग संप्रेरकग्राही (संप्रेरकांवर वाढणारा) आणि हर२-निगेटिव्ह (हर२ हे प्रथिन वाढलेले नसलेला) असेल, तर त्यात पीआयके३सीए जनुकातील बदल सापडल्यास अल्पेलिसिब हे औषध, तर संप्रेरक-उपचारांनंतर ईएसआर१ जनुकातील बदल सापडल्यास एलासेस्ट्रंट हे औषध, असा विचार करता येतो.

'शून्य आले, म्हणजे सुटलो' हे वाक्य ऐकले की मात्र माझा संयम सुटतो. एपकॅम गमावलेली पेशी त्या चुंबकाला सापडतच नाही, आणि गाठ फारसे तुकडे सोडत नसेल तर सीटीडीएनएही कोरा येतो; पीआयके३सीएमधील बदल रक्तात सापडला नाही, तर बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यावर, पुन्हा पाहावे लागते. त्या गृहस्थांना मी म्हणूनच तो ब्लॉक कुठे ठेवला आहे, हे आधी विचारले.