बरोक संगीत

बरोक संगीत : पाश्चात्त्य अभिजात संगीतातील साधारण १६०० ते १७५० हा कालखंड आणि त्या काळात इटलीत जन्मून युरोपभर पसरलेली संगीतशैली. वेड्यावाकड्या मोत्याला पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बरोक वास्तुकला आपल्याला जवळची आहे. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चची सोनेरी वेदी आणि तिचे पिळदार खांब ही तिचीच खूण. संगीताला मात्र हे नाव आधी नाक मुरडून दिले गेले. १७३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार रामोचा पहिला ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारे नाटक, रंगभूमीवर आला. त्यातली स्वरांची गर्दी न रुचलेल्या एका टीकाकाराने पुढच्या वर्षी तो ‘बरोक’ असल्याचे लिहिले. ज्यांना आज आपण बरोक संगीतकार म्हणतो, त्यांनी स्वतःला कधीच तसे म्हटले नव्हते.

या शैलीचा उगम एका तक्रारीत आहे. सोळाव्या शतकातील गायनात चार-पाच आवाज एकमेकांत गुंफलेले असत. ती गुंफण सुंदर असे, पण प्रत्येक आवाज वेगळ्या वेळी वेगळा शब्द उच्चारत असल्याने काव्य कानावर पडतच नसे. फ्लॉरेन्समध्ये जोव्हान्नी बार्दी या सरदाराकडे जमणाऱ्या विद्वानांना आणि गायकांना हे खटके. गॅलिलिओचे वडील विन्चेन्त्सो गॅलिली हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक त्यांच्यापैकीच. प्राचीन ग्रीक शोकांतिका गाऊन सादर होत, अशी या मंडळींची समजूत होती. त्यातून एक गायक, साथीला एखादे वाद्य आणि बोलण्याच्या लयीत चालणारे गाणे ही रीत पुढे आली. याकोपो पेरी यांचा ‘एउरिदिचे’ (१६००) हा संपूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा. क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी यांनी १६०७ मध्ये मांतुआ येथे ‘ऑर्फेओ’ सादर केला आणि या प्रयोगात जीव ओतला. त्यांच्या रचनांतील विसंवादी स्वरांवर आर्तुसी या शास्त्रकाराने कडाडून टीका केली होती. मोंतेव्हेर्दींनी तिला उत्तर दिले ते आपल्या पद्धतीला ‘दुसरी रीत’ असे नाव देऊन : या रीतीत भावना बोलायची असेल, तर शब्दांसाठी स्वरांचा नियम वाकतो.

एकट्या गायकाला आधार हवा, म्हणून आला ‘बासो कॉन्तिन्युओ’, म्हणजे अखंड चालणारा खर्ज. बरोक संगीत समजून घ्यायचे तर हीच त्याची किल्ली आहे. त्या काळचे एखादे हस्तलिखित उघडले, तर वर गायकाची ओळ दिसते, खाली खर्जाची, आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. खर्जाच्या स्वरांपाशी मात्र ६, ७, ४ असे बारीक आकडे असतात. ६ असेल तर त्या स्वरापासून वरचे तिसरे आणि सहावे स्वर जोडीला घ्यायचे. काहीच नसेल तर तिसरे आणि पाचवे. चेलोवादक खर्जाची ओळ वाजवतो आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे, पण तारा छेडून वाजणारे वाद्य), ऑर्गन किंवा ल्यूट वाजवणारा आकडे वाचून मधली जागा भरतो. स्वर एकदम छेडायचे की सुटे सुटे, दाट की विरळ, हे तो समोरच्या गाण्याकडे कान देऊन त्या क्षणी ठरवतो. कागदावर सगळे लिहिलेले असते, ही पाश्चात्त्य संगीताबद्दलची आपली समजूत इथे खोटी ठरते.

हा खर्ज भाव कसा पेलतो, हे इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांच्या ‘डायडो अँड ईनियस’ या छोट्या ऑपेरात ऐकावे. १६८९ पर्यंत तो लंडनजवळच्या चेल्सी येथे मुलींच्या एका शाळेत सादर झाला होता. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या राणी डायडोच्या शेवटच्या गाण्यात पाच मात्राखंडांची एकच खर्जाची ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. आपल्या स्वरनामांत सांगायचे तर ती तार षड्जावरून शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत अशी पायरी पायरीने पंचमावर उतरते. खालची ओळ ठरल्या जागी संपते, पण डायडोचे वाक्य तिथे संपत नाही. ते पुढच्या आवर्तनात ओसंडते. नियतीचे चक्र आणि त्यातून सुटू पाहणारा माणूस एवढ्या साध्या युक्तीने उभे राहतात. माझ्या मते या दीडशे वर्षांत याहून हृदयस्पर्शी रचना फार थोड्या झाल्या.

ऑपेरात कथा पुढे नेणारे बोलते गायन आणि भावनेवर थांबणारी ‘आरिया’ असे दोन भाग पडले. आरियाचा पहिला भाग शेवटी पुन्हा येई, आणि त्या वेळी गायकाने तो आपल्या हरकतींनी सजवावा अशी अपेक्षा असे. वेषभूषा आणि अभिनय वगळून धार्मिक कथा गायली की ऑरेटोरिओ. कँटाटा ही वाद्यांच्या साथीची गायनरचना त्याहून आटोपशीर. व्हेनिसच्या बार्बारा स्त्रोत्सी यांनी १६४४ ते १६६४ या काळात गायनरचनांचे आठ संग्रह छापले. त्यांचे नाव मात्र फार उशिरा घेतले जाऊ लागले.

वाद्यसंगीत गाण्याच्या बरोबरीला आले ते याच काळात. रोममध्ये कोरेल्ली यांनी दोन व्हायोलिन आणि खर्ज यांच्या सोनाटा या वाद्यरचनांना घाट दिला. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात ल्यूली यांनी नृत्याची शिस्त वाद्यवृंदात आणली. व्हेनिसचे पाद्री आंतोनिओ व्हिवाल्दी अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवत आणि तिथल्या तयारीच्या वादक मुलींसाठी कन्चेर्तो रचत. सगळा वाद्यवृंद एक ठाशीव मुखडा वाजवतो, मग एकटा वादक सुटतो, पुन्हा मुखडा, असा त्याचा बांधा असतो. असे सुमारे पाचशे कन्चेर्तो त्यांनी लिहिले. १७२५ मध्ये छापलेल्या ‘चार ऋतूं’मधील ‘वसंता’चा संथ भाग ऐकताना व्हायोलाकडे (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) लक्ष द्यावे : गुराखी झोपला आहे, व्हायोलिनवर पाने सळसळताहेत, आणि व्हायोलाचे दोन ठसठशीत स्वर म्हणजे त्याचा भुंकणारा कुत्रा. व्हिवाल्दींनी तसे संहितेत लिहूनच ठेवले आहे.

१६८५ या एका वर्षी बाख, हँडल आणि दोमेनिको स्कार्लात्ती असे तिघे जन्मले. स्कार्लात्ती यांनी हार्प्सिकॉर्डसाठी साडेपाचशेहून अधिक सोनाटा लिहिल्या. हँडल इटलीत ऑपेरा शिकून लंडनला स्थायिक झाले. त्यांचा ‘मसाया’ हा ऑरेटोरिओ १७४२ मध्ये डब्लिन येथे प्रथम गायला गेला. योहान सेबास्टियन बाख यांचे जवळजवळ सगळे आयुष्य जर्मनीतच गेले. विशीतल्या बाखनी बुक्सटेहूड यांचे ऑर्गनवादन ऐकायला आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंतचे सुमारे चारशे किलोमीटर पायी तुडवले आणि चार आठवड्यांची रजा चार महिन्यांवर नेली. १७२३ पासून लाइपझिगमध्ये, पहिली काही वर्षे तर जवळजवळ दर रविवारी, ते नवा कँटाटा उभा करीत. त्यांचे एकूण सुमारे दोनशे कँटाटा आज उपलब्ध आहेत. त्यांच्या फ्यूगमध्ये एक छोटी स्वरओळ एक आवाज एकटाच सुरू करतो, दुसरा तीच ओळ दुसऱ्या उंचीवर उचलतो, मग तिसरा. आधीचे आवाज गप्प न बसता नव्याला जुळतील अशा आपल्या वाटा काढत राहतात. ज्या गुंफणीविरुद्ध फ्लॉरेन्समध्ये बंड झाले, ती बाखकडे खर्जाच्या नव्या भक्कम पायावर परत आली.

१७५० मध्ये बाख वारले तेव्हा ही शैली जुनाट ठरली होती. रसिकांना हलकी, सुटसुटीत चाल हवी होती. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या अखेरच्या यातनांची गायिलेली कथा) सादर केले आणि लोकांचे लक्ष पुन्हा वळले. व्हिवाल्दींना तर विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. पुढे हार्नोनकोर्ट, लेओनहार्ट अशा कलावंतांनी जुनी वाद्ये आणि जुनी वादनरीत शोधून काढली. आज बरोक वादक व्हायोलिनला धातूच्या तारांऐवजी आतड्याची तात लावतात, सूर बहुधा अर्ध्या स्वराने खाली ठेवतात, आणि हार्प्सिकॉर्डवर बसलेला वादक पुन्हा ते आकडे वाचून मधली जागा आपल्या हाताने भरतो.