सिंगल साइन-ऑन: पासवर्ड प्रत्येक सॉफ्टवेअरकडे जातो का?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात सिंगल साइन-ऑनचा विषय निघाला, की एक आक्षेप हमखास येतो: एकाच लॉगिनने हजेरी, हिशेब आणि ईमेल उघडत असेल, तर आपला पासवर्ड त्या सर्व कंपन्यांकडे साठवला जात असणार. हा समज चुकीचा आहे. पासवर्ड तपासला जातो तो केवळ ओळख पडताळणाऱ्या मुख्य सेवेच्या पानावर. हजेरीच्या सॉफ्टवेअरकडे पोहोचते ते डिजिटल स्वाक्षरी असलेले, सहसा काही मिनिटांपुरतेच वैध असे ‘ही व्यक्ती पडताळलेली आहे’ एवढे सांगणारे निवेदन, ज्यात पासवर्ड नसतोच. २००५ साली मान्य झालेले सॅमल २.० हे मानक याच रीतीने चालते. जोडणी करताना सॉफ्टवेअरमध्ये मुख्य सेवेचे प्रमाणपत्र भरावे लागते, ते ही स्वाक्षरी पडताळण्यासाठीच. (ते बदलल्यावर नवे भरायचे राहिले, तर सगळ्यांचेच लॉगिन अडते.)

धोका आहे, पण तो दुसरीकडे. मुख्य खातेच चोरीला गेले तर सारे उघडते, म्हणून तेथे द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत मोबाइलवरील कोडसारखा दुसरा पुरावा) अनिवार्य मानावी. शिवाय नोकरी सोडलेल्या माणसाचे मुख्य खाते बंद केले, तरी मुख्य सेवेला वगळून सॉफ्टवेअरमध्ये थेट शिरण्याचा जुना पासवर्ड चालू राहिला असेल, तर त्याला आत येता येते.