डग्लस: पदवी न देणाऱ्या कॉलेजची पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या रट्गर्स विद्यापीठात ‘डग्लस रेसिडेन्शियल कॉलेज’ नावाची मुलींची संस्था आहे. पदवी रट्गर्सची मिळते. डग्लसकडे आहे ते एकत्र राहणं, स्त्रियांच्या नेतृत्वावरचे अभ्यासक्रम आणि ‘ग्लोबल व्हिलेज’सारखी निवासस्थानं, जिथे एखादी भाषा किंवा मानवी हक्कांसारखा विषय धरून मुली एका छताखाली राहतात आणि शिकतात. पदवी देत नाही ते कॉलेज कसलं, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर शंभर वर्षांच्या झगड्यात आहे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या, तेव्हा त्या याच राज्यात, रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या होत्या. पुढे त्या शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. १७६६ साली स्थापन झालेल्या रट्गर्सचं दार मात्र मुलींसाठी त्यानंतरही पस्तीस वर्षं बंद होतं.

ते उघडायला लावलं महिला मंडळांनी. बर्नार्ड कॉलेजच्या पदवीधर मेबल स्मिथ डग्लस १९११ च्या सुमारास या कामात पडल्या. एकेक डॉलरची वर्गणी गोळा करण्याची मोहीम त्यांनी चालवली. पैसा पुरेसा जमला नाही, प्रकृतीनेही साथ दिली नाही. मग १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायदा आला. गृहविज्ञानासारखे व्यवसायोपयोगी विषय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्यात केंद्र सरकारचा निधी होता, आणि रट्गर्सला तो हवा होता. मुलींना कुलगुरूंच्या मनाच्या मोठेपणाने नव्हे, तर या निधीच्या वाटेने प्रवेश मिळाला, हे विसरता कामा नये. सप्टेंबर १९१८ मध्ये ५४ विद्यार्थिनींना घेऊन ‘न्यू जर्सी कॉलेज फॉर विमेन’ सुरू झालं, आणि नुकत्याच विधवा झालेल्या मेबल डग्लस त्याच्या पहिल्या डीन झाल्या. दोनच वर्षं आधी, १९१६ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं होतं. त्यांच्यासमोर आदर्श जपानमधल्या महिला विद्यापीठाचा होता. जगाच्या दोन टोकांना एकाच सुमारास ही गरज जाणवली होती.

१९५५ साली संस्थेला संस्थापिकेचं नाव मिळालं. खरी कसोटी लागली ती १९७२ नंतर. त्या वर्षी विद्यापीठातल्या, तोवर फक्त मुलांच्या असलेल्या रट्गर्स कॉलेजने मुलींना प्रवेश दिला आणि वेगळ्या कॉलेजची गरजच काय, असं विचारलं जाऊ लागलं. डग्लसने दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. सोबत बसून शिकायची परवानगी मिळाली म्हणून पुढे येण्याची संधी आपोआप मिळत नाही, हे तिथल्या बायकांनी ओळखलं. १९८९ मध्ये गणित-विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी खास वसतिगृह निघालं. त्याला मेरी बंटिंग आणि ज्युएल प्लमर कॉब या दोन माजी डीनची नावं आहेत. दोघीही शास्त्रज्ञ होत्या.

त्याच वर्षी स्त्रीवादी कार्यकर्त्या शार्लट बंच यांनी डग्लसमध्ये ‘सेंटर फॉर विमेन्स ग्लोबल लीडरशिप’ सुरू केलं. ‘जागतिक नेतृत्व’ या शब्दांना इथे वजन आलं. १९९१ साली केंद्राने निरनिराळ्या देशांतल्या कार्यकर्त्यांना एकत्र राहायला आणि विचार करायला बोलावलं. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांच्या, स्त्रियांवरील हिंसेविरोधी मोहिमेचा जन्म त्या मुक्कामात झाला. पहिला दिवस डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशाहीला विरोध केल्यामुळे १९६० साली मारल्या गेलेल्या मिराबाल भगिनींचा, शेवटचा मानवी हक्क दिनाचा. आपल्याकडच्या महिला संघटनाही हा पंधरवडा पाळतात. १९९३ च्या, व्हिएन्नात भरलेल्या जागतिक मानवी हक्क परिषदेत स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कच आहेत असं जाहीरनाम्यात आलं, त्यामागच्या दबावात या केंद्राचा मोठा वाटा होता.

इतकं असूनही २००५ मध्ये रट्गर्समध्ये वेगवेगळी पदवी महाविद्यालयं एकत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला. माजी विद्यार्थिनींनी कडवा विरोध केला. तडजोड २००७ पासून अमलात आली: अध्यापन आणि पदवी विद्यापीठाकडे गेली, डग्लसचं नाव, निवास आणि स्त्रियांसाठीचे कार्यक्रम टिकले. तेव्हापासून रट्गर्सच्या न्यू ब्रन्सविकमधल्या आवारात कोणत्याही विषयाची पदवी घेणारी विद्यार्थिनी स्वतःहून डग्लस निवडू शकते, मग ती अभियांत्रिकीची असो की इतिहासाची.