घरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची आहे? नाशिकमध्ये वीजभार वाढवून घेण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

गाडी बुक झाली की शोरूमचा माणूस विचारतो, "घरी लोड किती आहे?" बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, पण ते वीजबिलावरच छापलेलं असतं. ग्राहक क्रमांकाच्या आसपास 'मंजूर भार' असा रकाना असतो. सिडको, इंदिरानगर, पंचवटीतल्या जुन्या घरांत तिथे अनेकदा 1 किंवा 2 किलोवॅट दिसतं, कारण जोडणी घेतली तेव्हा घरात एसी नव्हता आणि गिझरही नव्हता.

अर्जाआधी चार्जर ठरवा

गाडीसोबत साधारणपणे 16 अँपिअरच्या (आपण 15 अँपिअरचा म्हणतो तो) प्लगवर चालणारी केबल येते. ती सुमारे 3.3 किलोवॅट घेते. भिंतीवर बसवायचा वॉलबॉक्स 7.2 किलोवॅटचा असतो आणि एकटा 32 अँपिअर ओढतो. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला जेमतेम सहा-साडेसहा युनिट लागतात, म्हणजे 3.3 किलोवॅटवर दोन तास. गंगापूर रोडवरून सातपूर-अंबडला जाऊन-येऊन करणाऱ्याला वॉलबॉक्सची खरं तर गरजच नसते. आठवड्यातून दोन-तीनदा मुंबई किंवा पुणे करणाऱ्याची गोष्ट वेगळी. 40 युनिटची बॅटरी रिकामी झाली तर साध्या प्लगवर 12-13 तास जातात, वॉलबॉक्सवर सहा.

11 किंवा 22 किलोवॅटच्या चार्जरचा आग्रह कुणी धरला, तर आधी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती घेतो ते पाहा. गाडी 7.2 घेणारी असेल तर भिंतीवर 22 चा डबा लावूनही ती 7.2 च घेईल.

सिंगल फेज पुरेल की थ्री फेज?

सिंगल फेजची मर्यादा 40 अँपिअर धरली, तर 230 व्होल्टवर 9.2 किलोवॅट होतात. त्यातले 32 अँपिअर वॉलबॉक्सने घेतले की उरले आठ. सकाळी सहाला 2 किलोवॅटचा गिझर लावला की त्याला एकट्याला 8.7 अँपिअर लागतात. झालं, मर्यादा ओलांडली. शिवाय मीटरच्या तोंडावर बघा. तिथे '5-30' अँपिअर असं छापलेलं असेल, तर 32 अँपिअरचा चार्जर एकटाच त्या मीटरला जड आहे.

म्हणून 3.3 किलोवॅटचा पॉइंट हवा असेल, तर मंजूर भारात तेवढी भर घालून सिंगल फेजवरच भागतं. 7.2 चा वॉलबॉक्स आणि घरात एसी-गिझर असेल, तर थ्री फेज मागा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 7.2 चा वॉलबॉक्स थ्री फेज घरातही एकाच फेजवर बसतो. वायरमनला सांगून गिझर आणि एसी उरलेल्या दोन फेजवर टाकून घ्या, नाहीतर पैसे थ्री फेजचे आणि त्रास सिंगल फेजचा अशी गत होते. थ्री फेजचा स्थिर आकारही सिंगल फेजपेक्षा बराच जास्त आहे आणि तो गाडी चालो न चालो, दर महिन्याला येतो.

कोण अर्ज करू शकतो

ज्याच्या नावावर मीटर आहे तो. इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. घर मुलाच्या नावावर, वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर, आणि आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. अशा वेळी आधी नावात बदल करून घ्या, मग भारवाढीकडे वळा. थकबाकी शून्य हवी. भाडेकरूला मालकाचं संमतिपत्र लागतं.

कागदपत्रं

ताजं वीजबिल, ओळखपत्र, जागेचा पुरावा (सूची क्रमांक 2 किंवा महापालिकेची घरपट्टी पावती, सिडकोच्या घरांना हस्तांतरणाची कागदपत्रं), भरलेला अर्ज, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराने सही-शिक्का केलेला टेस्ट रिपोर्ट. सोसायटीत केबल सामायिक जागेतून न्यायची असेल, तर सोसायटीचं ना-हरकत पत्र. त्यात पार्किंगचा क्रमांक आणि केबलचा मार्ग लिहून घ्या. 'हरकत नाही' एवढंच लिहिलेलं पत्र आणलं, तर पाइप ठोकायच्या दिवशी नवा वाद उभा राहतो.

टेस्ट रिपोर्ट ही निव्वळ औपचारिकता समजून दुकानातून 'आणला' जातो. तसं करू नका. अर्थिंग आणि इन्सुलेशन खरंच मोजलं गेलं की नाही, हे सांगणारा तोच एक कागद आहे.

अर्ज ते मीटर

महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून भारवाढीचा अर्ज करता येतो. ऑनलाइन जमत नसेल तर आपल्या उपविभागीय कार्यालयात. त्यानंतर जागेची पाहणी होते. पोलपासून येणारी सर्व्हिस वायर जाड करावी लागेल का आणि जवळच्या डीपीवर (त्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर) तेवढा भार शिल्लक आहे का, हे त्यात तपासलं जातं. मग कोटेशन येतं. त्यात प्रक्रिया शुल्क, जोडणीचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. घरगुती ग्राहकाची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाच्या हिशेबाने धरतात आणि तिच्यावर व्याज मिळतं.

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीनुसार नवी जोडणी किंवा जोडणीतला बदल महानगरांत 3, इतर महापालिका-नगरपालिका क्षेत्रांत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत करून द्यायचा आहे. नाशिक शहराला 7 दिवस लागू होतात, गिरणारेकडच्या ग्रामपंचायत हद्दीतल्या घरांना 15. डीपी किंवा लाइन वाढवावी लागली तर ही मुदत लांबते. मुदत सर्व बाबी पूर्ण असलेल्या अर्जापासून मोजतात, म्हणून अर्ज क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे लेखी तक्रार करता येते.

त्याच दुरुस्तीने गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्कही दिला आहे. पण एका घराच्या एका गाडीला तिची घाई नको. आपल्याच जागेत आपलीच गाडी चार्ज केली, तर घरगुती दरच लागतो. घरच्या मीटरवरून शेजाऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन चार्ज करू लागलात, तर तो वापरातला बदल ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. सोसायटीला सर्वांसाठी पॉइंट हवा असेल, तर वेगळी जोडणी हाच सरळ रस्ता.

वायरिंगमध्ये काय बिघडतं

16 अँपिअरच्या पॉइंटला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण पेटीपासून) आणा, मधे दुसरा कुठलाही सॉकेट नको. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी आठ तास. स्वस्त सॉकेटचा स्क्रू थोडा जरी ढिला असला, तर पिनभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं पडतं आणि मग काळं. पहिल्या आठवड्यात चार्जिंग संपल्यावर प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको.

32 अँपिअरला 6 चौरस मिलिमीटर वायर लागते. मीटर खोलीपासून पार्किंग 50-60 मीटर लांब असेल तर 10 ची घ्या, नाहीतर व्होल्टेज जवळपास पाच टक्के पडतं. 40 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच असावा, गाडी त्यापासून 5 मीटरच्या आत उभी राहावी आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. गोदाकाठच्या, पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या पार्किंगमध्ये 800 वर समाधान मानू नका, पुराची खूण पाहून वर चढवा.

नाशिकमध्ये सगळ्यात जास्त छळतं ते अर्थिंग. काळी माती पावसाळ्यात झकास रीडिंग देते, पण मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. खाली काळा खडक लागला तर पाइप पुरता आत जातच नाही. मग चार्जरवर लाल दिवा लागतो, आणि ग्राहक गाडीच्या कंपनीला फोन लावतो. चार्जरसाठी वेगळा खड्डा करा, रोध 5 ओहमच्या खाली आणा आणि तो उन्हाळ्यात मोजा. न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं, तर आधी न्यूट्रलचे जोड तपासा.

बिल

महिन्याला 1,000 किलोमीटर म्हणजे अंदाजे 160 युनिट. घरचा वापर 250 असेल तर एकूण 410, म्हणजे 300 च्या वरचे 110 युनिट वरच्या टप्प्याच्या दराने. जुलै 2025 पासून टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. त्या वेळी बहुतेकांची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते, त्यामुळे ही सवलत रविवारीच पदरात पडते. मीटर बदलल्यावरच्या पहिल्या बिलात मंजूर भार, फेज आणि जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग तेवढं ताडून पाहा. मीटर काढताना त्या रीडिंगचा फोटो काढून ठेवलेला असला, की वाद दोन मिनिटांत मिटतो.